आधी भांडं, मग पदार्थ

एखाद्याच्या हाताला चव आहे असं म्हणून आपण सगळं श्रेय हाताला देऊन मोकळे होतो. तो हात कोणत्या कढईत फिरत होता याची चौकशी सहसा कोणी करत नाही. पाककृतींची पुस्तकंही याला फारशी अपवाद नाहीत. मराठीत छापील पाकशास्त्राला दीडशे वर्षं होत आली. 'सूपशास्त्र' १८७५ सालचं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र' १९१० सालचं आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालची. 'रुचिरा'तल्या वाटी-चमच्याच्या मापांनी नव्याने संसार मांडणाऱ्या कितीतरी जणींना धीर दिला. पण मापं कितीही काटेकोर असली तरी मंद आचेवर पाच मिनिटं म्हणजे नेमकं काय, हे भांड्याच्या बुडाला विचारल्याशिवाय कळत नाही. जाड बुडाच्या पातेल्यातली पाच मिनिटं आणि पातळ पत्र्यातली पाच मिनिटं यांत शिजलेल्या आणि करपलेल्या खिरीइतकं अंतर असतं.

पाककृती समोर असते तेव्हा भांड्याची गफलत थोडीफार खपून जाते. ऐनवेळी, घरात सापडेल त्यावर चार जणांचं जेवण उभं करायचं असतं तेव्हा अंदाज लागतो, आणि अंदाज भांड्याच्या ओळखीवर चालतो. हे किती वेळात तापतं, कुठे लागतं, आंबट सोसतं का, वर झाकण घट्ट बसतं का, एवढं ठाऊक असलं की निम्मा स्वयंपाक ठरल्यातच जमा. म्हणून ऐनवेळच्या स्वयंपाकाचा पहिला नियम असा सांगता येईल: आधी भांडं ठरवावं, मग पदार्थ.

घरात काही नाही

माझी एक मैत्रीण आहे, मूळची राजापूरकडची, आता पुण्यात स्थायिक. तिच्या घरात सोफा नाही, पण फडताळात बिडाचे तवे आहेत, दोन प्रकारच्या विळ्या आहेत आणि आजीकडून आलेलं पितळी पातेलं आहे. तुळशीबागेत पर्स घ्यायला म्हणून निघालेली ही बाई सांडशी घेऊन परत येते. आमचा एकत्र स्वयंपाक ठरवून कधीच होत नाही. आषाढातल्या अशाच एका संध्याकाळी बाहेर धो धो पाऊस, बाहेरून काही मागवावं तर रस्त्यावर गुडघाभर पाणी.

"काय आहे घरात?"

"काही नाही गं."

मराठी घरातल्या या 'काही नाही'मध्ये बरंच काही असतं. सकाळचा भात होता, ताक होतं, डब्यात बेसन होतं. कांदे, लसूण, हिरव्या मिरच्या, दाणे होतेच. आणि परडीत पाल्यासकट आणलेले दोन मुळे मान टाकून पडले होते.

तिने जिन्नसांकडे एकदाच पाहिलं आणि मग ओट्याखालचं दार उघडलं. "पाल्याची भाजी लोखंडी कढईत टाकू. कढीला मात्र ती नको, काळी पडेल. आजीचं पातेलं काढ, त्याला नुकतीच कल्हई केलीय. भाताला ती पसरट हिंडालियमची. आणि तवा ठेव तापत, ठेचा त्याच्यावरच करू." पदार्थांची नावं आली ती भांड्यांच्या मागोमाग. चारही निवडींमागे कारण होतं, आणि ती कारणं एकेक करून पाहण्यासारखी आहेत.

लोखंडी कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली. मोहरीच्या दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, ती सालीत मावत नाही, म्हणून दाणा फुटतो. त्या आवाजावरून तेल पुरेसं तापल्याचं कळतं. मग लसूण, हिंग, हळद, मुळ्याच्या चकत्या आणि चिरलेला पाला. वर ताट झाकलं आणि त्या ताटात पाणी ओतलं. ही आपल्याकडची जुनी युक्ती. ताटातल्या पाण्यामुळे झाकण थंड राहतं. भाजीतून उठलेली वाफ त्याच्या खालच्या बाजूला थबकते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते भाजीतच टपकतं. म्हणजे भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. शिवाय एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेवढंच पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला फक्त १०० कॅलरी लागतात. वाफेवर भाजी इतकी पटकन शिजते त्याचं गुपित हेच. ताटातलं पाणीही एव्हाना गरम झालेलं असतं. भाजी कोरडी वाटली तर त्यातलंच थोडं आत घालायचं, गार पाणी ओतून शिजण्याचा ताल मोडायचा नाही.

पाला मऊ झाल्यावर तिने बेसन पेरलं. पेरलं म्हणजे चिमटीने, सगळीकडे सारखं, आणि लगेच न ढवळता. पिठाने भाजीतला ओलावा ओढून घेतला, एक दणदणीत वाफ आली आणि मग उलथनं फिरलं. कढईच्या तळाशी पिठाचा पातळ, तांबूस थर धरला होता. ही खरवड. पाणी आहे तोवर भांड्यातला पदार्थ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. तळाशी पाणी संपलं की तापमान चढतं, आणि १४० अंशांच्या आसपास पिठातली प्रथिनं आणि साखरा यांची एकमेकांशी क्रिया वेगाने सुरू होते. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. भाजलेल्या भाकरीचा वास, भाजलेल्या रव्याचा रंग आणि कढईला चिकटलेली खरवड ही सगळी त्याच क्रियेची करणी. पातळ स्टीलच्या पातेल्यात हाच थर एका जागी काळा आणि बाकी पांढरा राहतो. जाड लोखंडात तो सगळीकडे सारखा धरतो, आणि मग कोणाच्या वाट्याला किती यावरून भांडणं होतात.

कढी मंद आचेवर, सतत ढवळत. ताकाला लावलेलं थोडं बेसन प्रथिनांना एकत्र येऊन गुठळ्या करण्यापासून रोखतं, म्हणून कढी फुटत नाही. भाताला पसरट कढई घेतली ती तोंड मोठं म्हणून. खोल पातेल्यात वाफ कोंडते आणि फोडणीचा भात गिच्च होतो, पसरट भांड्यातून ती निघून जाते. भात सकाळचा होता हेही पथ्यावरच पडलं. शिजलेल्या भातातला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट बांधला जातो, दाणे टणक आणि सुटे होतात. ताज्या भाताचा फोडणीचा भात कधीच तसा होत नाही.

ठेच्याला तर वेगळं भांडंही लागलं नाही. तव्यावर मिरच्या, लसूण आणि दाणे डाग पडेपर्यंत भाजले, जाडं मीठ टाकलं आणि तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडले. लसणात दोन घटक वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी चिरडली की ते एकत्र येतात आणि लसणाचा ओळखीचा उग्र वास तयार होतो. जितकं जास्त चिरडावं तितका तो अधिक, मात्र लसूण आधी भाजल्यामुळे त्याची धार थोडी उतरते. भाजून मग रगडलेल्या ठेच्यात लसूण बोचत नाही, लागतो मात्र चांगलाच.

धावणारी उष्णता, थांबणारी उष्णता

धातूची पारख दोन गुणांवर करायची. उष्णता त्यातून किती लवकर पसरते हा पहिला. आणि तापलेलं भांडं ती किती साठवून ठेवतं हा दुसरा.

पसरण्यात तांब्याचा हात कोणी धरू शकत नाही. शास्त्रज्ञ उष्णतावहनाचा जो अंक वापरतात तो तांब्याचा सुमारे ४००, ॲल्युमिनियमचा २३५च्या आसपास, पितळेचा ११०, बिडाचा ५० आणि स्टेनलेस स्टीलचा अवघा १५. म्हणजे तांबं स्टीलच्या पंचवीसपटीहून अधिक वेगाने उष्णता पसरवतं. गॅसची ज्योत गोल कड्यासारखी असते. स्टीलच्या पातळ पातेल्यात नेमकं तेवढंच कडं तापतं, आणि दूध लागल्यावर बुडाला काळं वर्तुळ दिसतं ते ज्योतीचंच चित्र असतं.

साठवण्यात वजन कामाला येतं. दोन किलोचा बिडाचा तवा २०० अंशांपर्यंत तापला, तर त्यात चारशे ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या तव्याच्या अडीचपट उष्णता साठलेली असते. घावनाचं गार पीठ पडल्यावर हलका तवा मलूल होतो, बिडाचा ढिम्म राहतो. म्हणून घावनाला जाळी पडते ती बिडावर. याची किंमतही आहे. बीड तापायला वेळ घेतं आणि एकदा जास्त तापलं की लवकर निवत नाही. गॅस बारीक केला तरी पुढचं घावन करपतं. बिडाशी वागताना आचेचा विचार दोन घावनं आधी करावा लागतो.

तवा तापला का हे पाहायला आपण पाण्याचा हबका मारतो. कमी तापलेल्या तव्यावर पाणी चर्र करून आटतं. खूप तापलेल्या तव्यावर त्याचे थेंब मण्यांसारखे सैरावैरा पळतात आणि बराच वेळ टिकतात. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तव्याला टेकतच नाही. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली याचं वर्णन केलं. आपल्या दृष्टीने अर्थ असा की थेंब नाचू लागले म्हणजे तवा २०० अंशांच्या आसपास किंवा वर गेला. भाकरीला चालेल, घावनाला थोडा निवू द्यावा.

लोखंड आणि बीड गंजतात, हा त्यांच्याविरुद्धचा मुख्य आरोप. उपाय तेलाचा. भांडं घासून, पूर्ण कोरडं करून तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि धूर येईपर्यंत तापवायचं. असं काही वेळा केलं की तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन काळा, गुळगुळीत, टणक थर बसतो. या थरामुळे घावन सुटतं आणि गंज लांब राहतो. असं भांडं रात्रभर मोरीत भिजत टाकू नये, चिंच-कोकमाचं सार त्यात उकळू नये. आम्ल तो थर खातं, लोखंड अन्नात उतरतं, रंग काळा पडतो. लोखंड थोडं उतरण्यात शरीराचा फायदाच आहे. पालेभाजीसारखी भाजी लोखंडी कढईत केली की तिच्यातलं लोहाचं प्रमाण वाढतं. पण कढी काळी झालेली कोणालाच चालत नाही.

कल्हई

तांबं-पितळ उत्तम तापतं, पण आंबटाशी त्याचं पटत नाही. ताक, चिंच, टोमॅटो त्यात राहिले की तांबं विरघळू लागतं. ताक कळकतं, तोंडाला धातूची चव येते आणि जास्त प्रमाणात पोटात गेलं तर मळमळ, उलट्या. यावर जुना तोडगा म्हणजे आतून कथिलाचा थर देणं.

कल्हईवाला काम करतो तेव्हा पाहणाऱ्यांचा घोळका जमतो, आणि ते साहजिकच आहे. जमिनीतल्या छोट्या खड्ड्यात कोळसे पेटलेले, शेजारी भाता. घासून स्वच्छ केलेलं पातेलं चिमट्यात धरून निखाऱ्यांवर फिरवतात. ते पुरेसं तापलं की आत नवसागराची चिमूटभर पूड पडते. पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि नाकात झणका बसतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे दोन भाग होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. नाकाला झोंबतं त्यात अमोनिया असतो, आणि भांड्यावरचा काळपट ऑक्साइडचा थर खाऊन धातू उघडा करण्याचं काम आम्लाचं. त्याच क्षणी कथिलाची कांडी आत टेकवायची. कथिल २३२ अंशांवर वितळतं, म्हणून स्पर्श होताच त्याचा चमकता थेंब ओघळतो. कापसाच्या बोळ्याने तो थेंब झरझर फिरवला की पिवळं पातेलं आतून चांदीसारखं होतं. मग पाण्यात बुडवायचं, आणि काम झालं.

त्या २३२ अंशांतच कल्हईच्या भांड्याचा सगळा स्वभाव आला. आत पाणी, दूध, ताक, वरण असेल तोवर काळजी नाही. रिकामं पातेलं आचेवर विसरलं तर कल्हई गळून एका बाजूला गोळा होते. मैत्रिणीने कढीला फोडणी पातेल्यात न करता पळीत करून वरून ओतली ती याचसाठी. कल्हई विश्वासातल्या माणसाकडूनच करून घ्यावी. स्वस्तात काम उरकायला कथिलात शिसं मिसळलेलं असेल तर ते सरळ पोटात जातं, आणि शिसं विषारी आहे.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्यावर हातोडीचे ठोके ऐकू येतात. पेशवाईत इथे आलेले तांबट मूळचे कोकणातले. त्यांचं माठारकाम, म्हणजे भांड्याच्या अंगावर ओळीने पाडलेले गोल ठसे, दिसायला देखणं असतं आणि उपयोगाचंही. ठोक्यागणिक तांब्याचा मऊ पत्रा कडक होतो, त्यामुळे पातळ पत्र्याचं घंगाळही आकार धरून राहतं.

बोहारणीच्या टोपलीतलं स्टील

हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये न गंजणारं पोलाद तयार केलं. भांड्यांसाठी पुढे रूढ झालेल्या प्रकारात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियमचा हवेशी संबंध येताच पृष्ठभागावर ऑक्साइडचं अतिशय पातळ आवरण तयार होतं. ओरखडा पडला तरी ते आपोआप पुन्हा धरतं. ताक, चिंच, लोणचं, काहीही ठेवा. कल्हई नको, चिंचेने घासणं नको. आपल्याकडे जुन्या साड्या आणि पॅन्टी देऊन बोहारणीकडून स्टीलचे डबे घेण्यात एका पिढीच्या कितीतरी दुपारी गेल्या, आणि पितळेची पातेली मोडीत निघाली. त्या बायकांना नावं ठेवण्याचं कारण नाही. राख-चिंच घेऊन भांडी घासणारे हात त्यांचेच होते.

स्टीलचा दोष एकच, उष्णता पसरवण्याचा आळस. उत्पादकांनी त्यावर उपाय काढले. आधी तांब्याच्या बुडाची पातेली आली, मग दोन स्टीलच्या थरांत ॲल्युमिनियम दाबलेली जाड बुडं, आणि आता काठापर्यंत तिहेरी पत्र्याची भांडी. स्टील घेताना वजन हातात तोलून बघावं. बूड हलकं वाटलं तर त्यात वरण करावं, पण खीर किंवा बासुंदीला हात घालू नये.

प्रेशर कुकरची कुळकथा जुनी आहे. डेनी पापॅं या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये हाडंही मऊ करणारं बंद भांडं बनवलं. वाफ जास्त झाली तर ती सोडणारी झडपही त्याचीच कल्पना. आपल्याकडे 'हॉकिन्स' आणि 'प्रेस्टीज' ही नावं १९५९ साली आली. शिटीच्या वजनाने वाफ कोंडली की आतला दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं. तूरडाळ, राजमा, हरभरा यांचा वेळ त्यामुळेच वाचतो. ऐनवेळच्या स्वयंपाकात कुकरची अडचण मात्र ही की त्यात डोकावता येत नाही. चव घेऊन दिशा बदलणं ज्यात जमतं ते भांडं उघडं असावं लागतं.

न चिकटणाऱ्या भांड्यांचा शोध अपघाताने लागला. रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला १९३८ साली वायूच्या टाकीत एक पांढरी, निसरडी पूड सापडली. तेच टेफ्लॉन. मराठवाड्यातल्या भोगले कुटुंबाने औरंगाबादेत 'निर्लेप'ची भांडी १९६८ साली सुरू केली आणि बिनतेलाचा डोसा आपल्या घरात आला. हा थर २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून फोन घ्यायला जाणं म्हणजे त्याचं आयुष्य संपवणं. खरवड हवी असेल तर तो काहीच कामाचा नाही. त्याचा गुण आणि दोष एकच आहे.

वाटणं आणि कापणं

मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३च्या सुमारास 'सुमीत' मिक्सर आणला तेव्हा परदेशी यंत्रांना न झेपणारं सुकं खोबरं आणि भिजवलेली डाळ वाटण्याची सोय झाली. पाट्यावर बसणाऱ्या गुडघ्यांना आणि खांद्यांना त्या यंत्राने जो आराम दिला त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. तरीही पाट्यावरचं वाटण वेगळं लागतं ही निव्वळ आठवणींची भूल नाही. मिक्सरचं पातं प्रचंड वेगाने कापतं, भांडं तापतं, वास उडतो. वरवंटा चिरडतो आणि घासतो, त्यामुळे खोबऱ्याचं तेल आणि मसाल्याचा अर्क एकजीव होऊन बाहेर येतो. रोज पाटा शक्य नाही. पण मूठभर ओल्या चटणीला खलबत्ता पुरतो आणि मिक्सरचं भांडं धुण्यापेक्षा लवकर आटोपतो. मिक्सरच वापरायचा तर थांबत-थांबत फिरवावा, म्हणजे निदान तापत तरी नाही.

भांड्यांची हौस

भांडी कामापुरती असती तर तुळशीबागेत किंवा मुंबईच्या तांबाकाट्यावर कोणी रेंगाळलं नसतं. फिरकीचा तांब्या उघडून पुन्हा लावताना बोटांना जो आनंद होतो त्याचा तहान भागवण्याशी संबंध नाही. राजा दिनकर केळकर संग्रहालयात भांडी, अडकित्ते आणि दिवे पाहताना लक्षात येतं की रोजच्या वापराच्या वस्तूंवर किती कारागिरी खर्ची पडलेली आहे. सुपारी तर साध्या पात्यानेही फुटली असती, अडकित्त्याला मोर करायचं काही अडलं नव्हतं.

स्टीलच्या भांड्यांवर कारागिरी कमी, पण त्यांनी दुसरं एक काम केलं. दुकानदार थरथरत्या सुईच्या यंत्राने भांड्यावर नाव घालून देतो. बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत कोणी कोणाला, कोणत्या निमित्ताने, कोणत्या तारखेला दिलं ते सगळं. वास्तुशांत, मुंज, साखरपुडा. मैत्रिणीकडे आम्ही ज्या डावाने कढी वाढली त्यावर तिच्या आत्याच्या लग्नाची तारीख होती. घराण्याचे कागदपत्र हरवतात, पण पेल्यावरची तारीख घासणीलाही पुरून उरते. कुठल्या घरातून कुठलं भांडं चुकून आपल्याकडे राहिलं, याचा पुरावाही तोच. डबा रिकामा परत करू नये या रीतीमुळे कित्येक डबे वर्षानुवर्षं दोन घरांमध्ये फिरत राहतात.

भांडं घेण्यात शहाणपण आणि मोह यांचं प्रमाण साधारण सारखं असावं. आप्पेपात्र, मोदकपात्र, पुरणयंत्र ही एकेका पदार्थाची भांडी. त्यांचं समर्थन पदार्थ वर्षातून किती वेळा होतो यावर करू नये. पण मैत्रीण आप्प्यांच्या खळग्यांत उरलेल्या पिठाचे, कांद्याचे, कालच्या भाजीचे गोळे भाजते. एका पदार्थासाठी घेतलेलं भांडं दुसऱ्याला लावलं की त्याचे पैसे वसूल होतात, आणि पाककृतीच्या पुस्तकात नसलेला एक पदार्थ घरात सुरू होतो.

ओट्यावर दोघी

ऐनवेळचा स्वयंपाक एकटीने करण्यापेक्षा दोघींनी का चांगला होतो, याचीही कारणं आहेत. फोडणीत मोहरी तडतडण्यापासून लसूण लाल होईपर्यंत फार वेळ नसतो. त्या वेळात आचेपासून हलता येत नाही, आणि नेमका तेव्हाच कढीपत्ता धुवायचा राहिलेला असतो. एक जण आचेपाशी आणि एक जण विळीपाशी असली की हा घोळ होत नाही. चव घेणारी जीभ दुसरी असली की आणखी फायदा. सतत वाफ घेत, चाखत उभ्या असलेल्या माणसाचं नाक आणि जीभ सरावतात, मीठ कमी-जास्त कळेनासं होतं. शेजारचीने चमचाभर कढी तळहातावर घेऊन "अजून थोडं आलं हवं होतं" म्हटलं की काम होतं.

तिसरं कारण भांड्यांचंच आहे. प्रत्येक घरातली कढई कुठे जास्त तापते, कुठलं झाकण कुठल्या पातेल्यावर बसतं, हे त्या घरच्या माणसालाच माहीत असतं. पाहुणीला ते ठाऊक नसतं, म्हणून ती विचारते. विचारल्यावर यजमानणीला सांगावं लागतं, आणि सांगताना तिचं तिलाच उमगतं की आपण गेली कित्येक वर्षं हे असंच का करतो. पाककला एका घरातून दुसऱ्या घरात जाते ती बहुतेक अशा प्रश्नांतून. "ताटात पाणी का ओतलंस?" या प्रश्नाला उत्तर देताना आजीची युक्ती, वाफेचं शास्त्र आणि आजची भाजी एकाच वाक्यात येतात.

आता कोणी विचारलं की नव्या घरात सुरुवातीला काय घ्यावं, तर यादी लहान आहे. एक जाड लोखंडी कढई, एक बिडाचा तवा, जाड बुडाचं एक स्टीलचं पातेलं, एक कुकर, एक खलबत्ता, आणि पाणी ओतता येईल असं खोलगट ताट. कल्हईचं पितळी पातेलं हौसेने घ्यावं, कल्हईवाला जवळपास मिळत असेल तर. बाकीचं संसार आपोआप गोळा करतो. इतक्या भांड्यांत पिठलं, झुणका, भाजी, भात, आमटी, थालीपीठ, घावन, ठेचा सगळं बसतं. जिन्नस बदलत राहतील, ऋतू बदलतील, परडीत कधी मुळे असतील तर कधी नुसता कोबीचा तुकडा. कढईची ओळख पटलेल्या माणसाला त्या तुकड्याचं काय करायचं ते कोणी सांगावं लागत नाही, आणि पाहुणा जेवून उठताना हाताला चव आहे म्हणाला तर ते श्रेय खुशाल घ्यावं. फक्त कढई त्याच्यादेखत घासायला टाकू नये, खरवड आधी वाढावी.